दोन रिंगांची हजेरी

वेरापिटच्या समाजघरातला फोन सकाळी सात ते आठ या वेळात कोणी उचललाच, तर ग्लेनिस नोस्के त्याची अशी कानउघाडणी करायची की तो माणूस पुढे आठवडाभर त्या टेबलाच्या वाऱ्यालाही उभा राहायचा नाही.

फोन वाजायचा. एकदा, दोनदा, आणि बंद. ग्लेनिस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची, वहीत एका नावापुढे खूण करायची आणि चहाचा घोट घ्यायची. पाच मिनिटांनी पुन्हा दोन रिंगा, पुन्हा खूण. नवख्या माणसाला वाटायचं, फोन बिघडलाय. गावात नव्यानं आलेल्या पाद्रीबाबांनाही तसंच वाटलं. त्यांनी मोठ्या तत्परतेनं रिसीव्हर उचलून "हॅलो" म्हटलं, तर पलीकडून आयव्ही हाइनरिख, वय चौऱ्याऐंशी, म्हणाली, "ठेवा खाली. मी जिवंत आहे, एवढंच सांगायचं होतं."

तर असा तो सगळा मामला. वेरापिट म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मॅली भागातलं, गव्हाच्या पट्ट्यातलं गाव. एक धान्याचं कोठार, एक ल्युथरन चर्च, एक दारूचं दुकान आणि तरणीताठी पोरं शहरात गेल्यामुळे रिकामी पडलेली घरं. त्यात एकटी राहणारी अकरा म्हातारी माणसं. प्रत्येकाला आपली वेळ नेमून दिलेली. आयव्हीची सातला, डल्सी क्रामची सात पस्तीसला, एर्विन क्लिंगेची सात वीसला. आपल्या वेळेला फोन लावायचा, दोन रिंगा होऊ द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. उठलोय, हातपाय हलताहेत, असा त्याचा अर्थ. कोण फोन करतंय ते घड्याळ सांगायचं. नंबर दाखवणारा फोन समाजघरात कधी नव्हताच, आणि कोणाला त्याची गरजही पडली नव्हती.

ज्याच्या वेळेला फोन वाजला नाही त्याच्यासाठी नियम एकच. तो ग्लेनिसनं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिला होता आणि अकराही जणांकडून घोकून घेतला होता: रिंग आली नाही तर फोन करून विचारत बसायचं नाही. जाऊन बघायचं.

हा नियम कुठून आला ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिच्यासमोर कोणी काढत नसे. एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गहू कापणीला आलेला, ग्लेनिस आणि तिचा नवरा कॉलिन दिवसभर शेतावर. ग्लेनिसची आई गावात दोन गल्ल्या सोडून राहायची, अंगानं खणखणीत, वय अवघं त्रेसष्ट. गुरुवारी आईचा फोन आला नाही. शुक्रवारीही नाही. फोन नाही म्हणजे बरं चाललंय, असं ग्लेनिसनं धरलं. शनिवारी ती अंडी द्यायला गेली, तेव्हा आई चुलीपाशी पडलेली होती, गुरुवारपासून. शुद्धीवर होती. "मला वाटलं, तू येशील," एवढंच ती म्हणाली, आणि सोमवारी गेली.

त्या दिवसापासून ग्लेनिसनं शांततेवरचा विश्वास काढून घेतला. गप्प बसलेल्या फोनचा अर्थ 'बरं आहे' असा असूच नये, म्हणून तिनं ही हजेरी सुरू केली. एकवीस वर्षांत तिनं सहा जणांना जमिनीवरून उचललं होतं. सहापैकी पाच वाचले.

आणि आता हाच फोन बंद होणार होता.

फोन कंपनीचं पत्र मार्चमध्ये आलं. तांब्याच्या जुन्या तारा बंद होणार, मे महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी वेरापिटच्या, आणि यापुढे फोन चालेल तो इंटरनेटवरून. घराघरांतले फोन कंपनीनं आधीच बदलून दिले होते, उरला होता समाजघराचा. पाठोपाठ कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, ब्रेट कॅनोवन आला. वय चाळीस, शर्टाच्या खिशावर नावाचा बिल्ला, माणूस वाईट नाही, पण बोलताना समोरच्याला आजारी समजून बोलणारा.

"ग्लेनिस, तुम्ही एवढी वर्षं खूप केलंत," तो म्हणाला. "आता हा नंबर आपण कौन्सिलच्या कॉल सेंटरला जोडून टाकू. तिथे पहिल्याच रिंगेला फोन उचलला जातो. स्वागताचा आवाजही आहे, मीच रेकॉर्ड केलाय."

"पहिल्या रिंगेला उचलला तर दोन रिंगा कशा होणार?"

"त्याची गरजच नाही राहणार. त्या लोकांना आपण गळ्यात घालायचं बटण देऊ. पडलं की दाबायचं."

"एर्विनला तीन वर्षांपूर्वी दिलं होतंत," ग्लेनिस म्हणाली. "त्यानं ते कुत्रीच्या पट्ट्याला बांधलंय. ती हरवते म्हणून."

ब्रेटनं सुस्कारा सोडला. मग त्यानं सोमवारची गोष्ट काढली. त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी समाजघराची बैठक होती. तोवर इथला फोन नव्या पद्धतीनं बिनचूक चालला तर नंबर गावात राहील. नाहीतर कॉल सेंटरला जाईल, आणि एकदा गेला की परत येणार नाही.

"जोडणार कोण पण?" ब्रेटनं विचारलं. "इथे तंत्रज्ञ यायला सहा आठवडे लागतात."

"मी जोडीन."

तो हसला नाही, एवढं त्याचं सौजन्य. पण दारातून बाहेर पडताना त्याचे खांदे हलले, ते ग्लेनिसनं पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं.

आता ग्लेनिसला फोनमधलं काय कळतं, असं ब्रेटला वाटलं तर त्यात त्याचा दोष नाही. तो तेव्हा जन्मलाही नव्हता. सतराव्या वर्षी ही पोरगी पोस्टाच्या मागच्या खोलीत टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. समोर भोकांच्या रांगा, हातात दोऱ्या, कानाला यंत्र. गावातले सत्तर फोन तिच्या बोटांतून जायचे. कोण कोणाशी भांडलंय, कोणाची गाय व्यायलीय, कोणाचा मुलगा शहरातून फोन करत नाही, सगळं तिला ठाऊक, आणि कधी तोंडातून अवाक्षर नाही. शहराला फोन लावायचा तर ट्रंक लाइन मागायची, पलीकडची ऑपरेटर ओळखायची, मग दोरी खोचायची. बोलणं संपेपर्यंत दोरी काढायची नाही, हा पहिला धडा. चार वर्षांनी आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं आणि बोर्ड भंगारात गेला. त्या दिवशी ती घरी येऊन रडली होती. कॉलिनशी तेव्हा नुकतं लग्न झालेलं. त्याला वाटलं, आपलंच काही चुकलं.

समाजघराच्या कपाटात आठ महिन्यांपासून एक खोकं पडून होतं. कोणत्याशा योजनेतून आलेलं, ऑफिसच्या इंटरनेट फोनचं यंत्र. पुस्तकाएवढा काळा डबा आणि तीन फोन. कोणी फोडलंही नव्हतं. ग्लेनिसनं ते फोडलं, डबा राउटरला जोडला, आणि संगणकावर त्याचं पान उघडलं. चाळीस रकाने. त्यातला एकही ओळखीचा नाही.

तिनं संगणक बंद केला. जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून त्यावर पेन्सिलीनं दोन चौकोन काढले. एकात लिहिलं 'वेरापिट', दुसऱ्यात 'शहर'. मध्ये एक रेघ. मग बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसली. हा काळा डबा म्हणजे आपला बोर्ड. कॉल पुरवणारी कंपनी म्हणजे शहराचा बोर्ड. मधली रेघ म्हणजे ट्रंक. फरक एवढाच की पूर्वी पलीकडची बाई आवाजावरून ओळखायची, आता नाव आणि पासवर्ड मागते.

"एवढंच आहे होय," ती स्वतःशी म्हणाली आणि संगणक पुन्हा चालू केला.

कंपनी निवडण्याची तिची रीत साधी होती. तिघांना फोन केला. दोन ठिकाणी बटणं दाबायला सांगणारा आवाज आला. तिसरीकडे, मेलबर्नच्या एका लहानशा कंपनीत, माणूस बोललं. तिचं नाव मिरेला.

पुढचे दहा दिवस मिरेलाचे कसे गेले ते तिलाच ठाऊक. ग्लेनिस रोज फोन करायची. कंपनीचा पत्ता कुठल्या रकान्यात, पासवर्ड कुठल्या, गावचा नंबर आत आला की कुठल्या टेबलावर वाजायचा. एक रकाना चुकला की ग्लेनिस सगळं पुसून पहिल्यापासून भरायची. मिरेला म्हणायची, "अहो, एवढा एकच बदला." ग्लेनिस म्हणायची, "मला पाठ व्हायला हवं, बाई. तू सुट्टीवर गेलीस की मी काय करू?"

बुधवारी पडद्यावर हिरवा ठिपका उमटला. डबा आणि कंपनी यांची ओळख पटली. ग्लेनिसनं मिरेलाला फोन लावला. मिरेलाचा आवाज स्वच्छ आला. "हॅलो? हॅलो, कोण बोलतंय?" ग्लेनिस ओरडून सांगतेय, पण पलीकडे शब्द पोचत नाही. ऐकू येतं, बोलता येत नाही. हा दिवसभराचा ताप झाला. संध्याकाळी मिरेलाला कारण सापडलं.

"तुमच्या राउटरमध्ये एक सोय असते. फोनच्या निरोपांवरचे पत्ते ती वाटेत स्वतःच दुरुस्त करते. मदत म्हणून. त्यानं तुमचा आवाज भलतीकडे जातोय."

"कोणी सांगितलं होतं मदत करायला?"

"कोणीच नाही. कंपनीतून तशीच येते."

"असली मदत मला चांगली ठाऊक आहे," ग्लेनिस म्हणाली. "आमच्याकडे कौन्सिल आहे."

सोय बंद केली आणि आवाज दोन्हीकडून वाहू लागला. गुरुवारी दुपारी गावाचा जुना नंबर तांब्याच्या तारेवरून उतरून नव्या वाटेवर आला. ग्लेनिसनं शेवटची गोष्ट स्वतः तपासली: सात ते आठ या वेळात यंत्रानं स्वतः काही म्हणजे काही बोलायचं नाही, नुसतं वाजायचं. ब्रेटनं स्वागताचा आवाज पाठवला होता, तो तिनं ऐकलासुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी पावणेसातलाच ती टेबलाशी बसली. बाहेर तिकडच्या मे महिन्यातल्या थंडीचं धुकं होतं, आणि पेरणीचे दिवस असल्यानं लांबवर ट्रॅक्टरांची घरघर. वही उघडली. पेन्सिलीला टोक केलं.

सातला दोन रिंगा. आयव्ही. ग्लेनिसनं खूण केली. सात पाचला दोन रिंगा. सात दहाला दोन रिंगा. तिला वाटलं, आता ब्रेटला बोलवावं आणि हे ऐकवावं.

सात पंधराला काही नाही.

सात वीसला काही नाही. ही एर्विनची वेळ. एर्विन क्लिंगे, वय शहाऐंशी, गावापासून नऊ किलोमीटरवर कुत्रीबरोबर एकटा राहणारा, एकवीस वर्षांत एकदाही एका मिनिटानं उशीर न केलेला माणूस. सात पंचवीस, काही नाही. सात तीस, काही नाही. सात पस्तीसला डल्सी, तीही नाही.

पाच माणसं एका सकाळी पडत नाहीत, हे ग्लेनिसला कळत होतं. यंत्र बिघडलं असणार. तिनं खिशातला मोबाइल काढला आणि समाजघराचा नंबर लावला. टेबलावरचा फोन खणखणीत वाजला. पडद्यावरचा ठिपका हिरवा. यंत्र ठणठणीत होतं. मग?

तेव्हा तिनं स्वतःचाच नियम मोडला. एर्विनला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कोणी उचलत नाही. डल्सीला लावला. तेच. बाकीच्या तिघांना लावला. पाचही घरांत फोन वाजत होते आणि एकाही घरात कोणी उचलत नव्हतं. गॅसची गळती, विषारी पाणी, काय काय तिच्या डोक्यात येऊन गेलं. सात चाळीसला रिंग नाही. सात पंचेचाळीसला नाही. कोणाकडे आधी जायचं, हेच तिला ठरवता येईना. आईच्या स्वयंपाकघराची फरशी डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी एर्विन सगळ्यात लांब म्हणून आधी तो, असं ठरवून तिनं गाडीची किल्ली उचलली आणि दार उघडलं.

पायरीवर डल्सी क्राम उभी होती. पायात घरातल्या सपाता, अंगात नाइटगाऊनवर नवऱ्याचा जुना कोट, हातात चालायचा आधार, आणि इतकी धापा टाकत होती की बोलता येईना. ग्लेनिसला पाहिलं आणि तिनं आधार सोडून ग्लेनिसचा दंडच धरला.

"उभी आहेस की गं तू," डल्सी म्हणाली.

"मी? मला काय झालंय?"

"मला काय ठाऊक. फोन लावला तर कोणी परकी बाई म्हणते, या नंबरवर तुमचा फोन घेता येत नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग म्हटलं, नियम तो नियम. विचारत बसायचं नाही, जाऊन बघायचं."

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक खटारा गाडी आली. त्यात दोन म्हातारे, एकाच्या गालावर दाढीचा साबण तसाच. मागून आणखी एक गाडी. आणि मग धुक्यातून ठक्‌ठक्‌ ठक्‌ठक्‌ करत एक ट्रॅक्टर आला, कॉलिनच्या बापाच्या काळातला. त्यावर ब्लँकेट पांघरलेला एर्विन क्लिंगे, मांडीवर कुत्री, कुत्रीच्या गळ्यात कौन्सिलचं बटण. एर्विननं दोन वर्षांपूर्वी लायसन्स परत केलं होतं. नऊ किलोमीटर तो ट्रॅक्टरवर, थंडीत, रस्त्याच्या मधोमध आला होता.

त्यानं ट्रॅक्टर बंद केला नाही. वरूनच ग्लेनिसकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"पडली नाहीस ना, पोरी?"

"नाही."

"मग फोनला काय झालंय?"

"बघते. आधी आत या सगळे," ग्लेनिस म्हणाली. ती आत गेली आणि किटली ठेवली. साडेआठपर्यंत हजेरी न लागलेली आठही माणसं समाजघरात हजर होती. हातात चहा, बशीत डल्सीच्या फ्रीजमधून मागवलेला केक. ग्लेनिसनं मिरेलाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला.

मिरेलानं नोंदी पाहिल्या. मग म्हणाली, "आमच्याकडे एक पहारा असतो. लागोपाठ फोन येतात आणि उचलायच्या आत कापले जातात, तेव्हा कोणीतरी मुद्दाम छळतंय असं तो धरतो. एका भागातून तीन आले, की त्या भागातून येणारे पुढचे फोन अडवतो. तुमचा मोबाइल त्या भागातला नाही, म्हणून तो लागला."

"म्हणजे आम्ही छळणारे," एर्विन म्हणाला.

"कोण बोलतंय?"

"तुमचं यंत्र ज्यांना छळणारे समजतं ते सगळे इथेच बसलेत," ग्लेनिस म्हणाली. "केक खाताहेत. तो पहारा आमच्या नंबरवरून काढून टाक."

"मला तो अधिकार नाही. वरिष्ठांची मंजुरी लागते. कामाचे तीन दिवस." मिरेला म्हणाली. "आणि ते विचारतील की ज्या फोनला कोणी उत्तरच देत नाही, तो फोन कशासाठी?"

याच वेळी ब्रेट कॅनोवन दारात आला. हातात कॉल सेंटरचा फॉर्म होता. बाहेर ट्रॅक्टर, आत आठ म्हातारी माणसं, त्यांतली एक नाइटगाऊनमध्ये. तो तिथेच थबकला. ग्लेनिसनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"हे बघ, मिरेला," ती म्हणाली, आणि आपल्या आईची गोष्ट एकवीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांदेखत सांगितली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चुलीजवळची फरशी. "माझा फोन दोन दिवस गप्प होता आणि मी त्याचा चुकीचा अर्थ लावला. तेव्हापासून इथे फोन गप्प राहिला तर त्याचा एकच अर्थ होतो. तुझ्या पहाऱ्यानं आज आठ माणसं गप्प केली. उद्या सकाळी तो गप्प करतोय की माणूस पडलंय, हे मला कसं कळणार? हे सांग, आणि मग तुझे तीन दिवस घे."

मग मिरेला हळूच म्हणाली, "मी वरिष्ठांकडे जाते. तुम्हाला परत फोन करते."

"परत नको. मी धरून ठेवते."

"वेळ लागेल, मिसेस नोस्के."

"मी बोर्डावर बसलेली बाई आहे. बोलणं संपेपर्यंत दोरी काढत नाही."

आणि तिनं धरून ठेवला. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. फोनमधून कुठलंसं संगीत वाजत होतं, तेच तेच, डल्सीला ते पाठ झालं. ब्रेट दोनदा काहीतरी बोलायला पुढे आला आणि दोनदा एर्विननं त्याच्या हातात केकची बशी दिली. दहा वाजता ग्लेनिसला बाथरूमला जायचं होतं, तर रिसीव्हर डल्सीच्या हातात देऊन, "सोडलास तर याद राख," असं बजावून गेली. साडेदहाला संगीत थांबून एका पुरुषाचा आवाज आला. मिरेलाचा वरिष्ठ. त्यानं सगळं पुन्हा विचारलं. ग्लेनिसनं सगळं पुन्हा सांगितलं, शांतपणे, एकही शब्द कमी न करता. त्यानं धोके समजावले, तिनं ऐकून घेतले आणि म्हणाली, "समजलं. आता काढा."

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पहारा निघाला. दोन तास पन्नास मिनिटं. ग्लेनिसनं रिसीव्हर ठेवला, तेव्हा तिची बोटं सरळ होईनात.

"आता घरी जा सगळे," ती म्हणाली. "आणि पोचलात की लावा. मला ऐकायचंय."

डल्सीला ब्रेटनं आपल्या गाडीतून सोडलं. एर्विनला कोणी ट्रॅक्टरवरून उतरवू शकलं नाही, म्हणून त्याच्या पुढे एक आणि मागे एक अशा दोन गाड्या निघाल्या. बारा वाजता फोन वाजला. दोन रिंगा, बंद. मग पुन्हा. एकेक करत आठही खुणा झाल्या. ब्रेट परत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. शेवटची रिंग एर्विनची. ती झाल्यावर ब्रेटनं फॉर्मची घडी घालून खिशात टाकली. "माझा स्वागताचा आवाज राहू दे म्हणा," तो म्हणाला. "बरा नव्हता आलेला."

शनिवारी आणि रविवारी एकही रिंग चुकली नाही. सोमवारी बैठकीत नंबर गावातच राहील असं ठरलं, आणि ते इतिवृत्तात ब्रेटनं स्वतः लिहिलं. बैठक संपल्यावर एर्विननं ग्लेनिसची वही ओढून घेतली. थरथरत्या अक्षरात अकराव्या नावाखाली त्यानं बारावं लिहिलं. ग्लेनिस. आठ वाजता. एर्विनकडे.

"हे काय आता?"

"तू घरात एकटी आहेस. कॉलिनला जाऊन चौदा वर्षं झाली. तू पडलीस तर कोणाच्या वहीत खूण राहायची?"

"मी बासष्ट वर्षांची आहे, एर्विन. तुमच्याइतकी काही म्हातारी झाले नाही मी."

"तुझी आई त्रेसष्टची होती," एर्विन म्हणाला.

ग्लेनिसनं वही घेतली, बंद केली आणि दप्तरात ठेवली. नाव खोडलं मात्र नाही.

मंगळवारी आठ वाजता तिनं एर्विनला दोन रिंगा दिल्या. बुधवारीही दिल्या. एर्विननं दुसऱ्या रिंगेला उचललाच. "नियम आहे ना?" तिनं सुनावलं. "बघत होतो, तूच आहेस का," तो म्हणाला आणि ठेवून दिला.

गुरुवारी सकाळी अकरा खुणा झाल्या आणि तेवढ्यात मिरेलाचा फोन आला. कंपनीला अशीच हजेरी आणखी दोन गावांत सुरू करायची होती, ती कशी चालते ते ग्लेनिसकडून लिहून हवं होतं. ग्लेनिस सांगत बसली. वेळा कशा नेमून द्यायच्या, वही कशी ठेवायची, पहिल्या पानावर काय लिहायचं. मिरेला एकेक ओळ परत वाचून दाखवत होती. "रिंग आली नाही तर विचारत बसायचं नाही," मिरेला म्हणाली, "जाऊन बघायचं. बरोबर?"

"बरोबर," ग्लेनिस म्हणाली, आणि तिला बाहेरून आवाज आला. लांबून, कोठाराच्या बाजूनं. ठक्‌ठक्‌ ठक्‌ठक्‌.

तिनं घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून अडतीस मिनिटं.

"मी नंतर बोलते, मिरेला," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बोलणं अर्धवट सोडून फोन ठेवला. किटली चुलीवर चढवली. मग दार उघडून, रस्त्यावरून दिसेल अशी, पायरीवर जाऊन उभी राहिली.